चौदा महिन्यांचं कोरं पान

फिटरला सगळे फिटरच म्हणत. गल्लीत फिटर, सासुरवाडीत फिटर. बायकोसुद्धा चारचौघांत "आमचे फिटर" म्हणायची आणि घरात "अहो". जहाजाच्या इंजिनखोलीत जे मोडेल, फाटेल, गळेल ते सांधायचं, हे त्याचं काम. म्हणायला तो एकोणीस वर्षं जहाजांवर होता. पण त्यातली निम्मी वर्षं घरी बसून पुढच्या जहाजाची वाट बघण्यात गेली होती, आणि ती कुणी मोजत नाही. खरी मोजायची ती पाण्यावरची.

शेवटच्या जहाजावर तो शिडीवरून घसरला आणि कंबर कामातून गेली. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "आता जहाज विसरा." त्यानंतर दोन वर्षं तो घरी होता. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला जायची. ती निघाली की हा भांडी घासायचा, डाळ-तांदूळ निवडायचा आणि ती यायच्या आत खिडकीपाशी बसून राहायचा, जणू दिवसभर तिथेच होता. भांडी कोण घासतं हे तिला ठाऊक होतं. तिने कधी विषय काढला नाही.

मग जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेत वेल्डिंग शिकवायला माणूस हवा असल्याचं कळलं. संस्थेचा मुख्य म्हणजे एक म्हातारा इंजिनिअर. त्याने काही विचारलं नाही, दोन पाइप पुढे टाकले आणि म्हणाला, "जोडा." फिटरने जोडले. म्हाताऱ्याने सांध्यावरून अंगठा फिरवला, चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "माणूस मला पसंत आहे. पण कागद सरकारला पसंत पडावे लागतात. दहा वर्षं पाण्यावर काढल्याचा दाखला आणा. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो."

फिटर तिथून जवळजवळ उड्या मारतच निघाला. दहा वर्षं! त्याची तर दहा वर्षं तीन महिने होती, बोटांवर पाठ होती.

खलाशाचं एक पुस्तक असतं. प्रत्येक जहाजाला एक पान. चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, खाली कप्तानाची सही आणि जहाजाचा शिक्का. दाखले देणाऱ्या कचेरीत खिडकीवर एक बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा, हाताशी गणकयंत्र. त्यांनी पुस्तक पान पान उलटलं आणि एका पानाशी थांबल्या.

"हे काय?"

पानावर जहाजाचं नाव होतं. खाली काहीच नव्हतं. तारखा नाहीत, सही नाही, शिक्का नाही.

"चौदा महिने होतो त्या जहाजावर," फिटर म्हणाला.

"कागद तसं म्हणत नाही."

"कंपनी बंद पडली, बाई. जहाज भंगारात गेलं."

"मग कप्तानाकडून प्रतिज्ञापत्र आणा. कप्तान तर भंगारात नाही ना गेला?" बाई स्वतःच्याच विनोदावर हसल्या आणि मागच्या माणसाकडे बघून "पुढचे!" म्हणाल्या. त्या मुद्दाम काही लागट बोलल्या नव्हत्या. दिवसाला साठ माणसं त्या खिडकीशी यायची, आणि प्रत्येकाचं कुठलं ना कुठलं पान कोरं असायचं.

चौदा महिने वजा केले की उरत होती नऊ वर्षं एक महिना.

ते पान कोरं का होतं, हे फिटरला पक्कं माहीत होतं. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या जहाजावर एक ऑइलर होता, म्हणजे इंजिनांना तेल-वंगण करणारा. अंगाने इतका वाळका की सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. नाव लांबलचक, म्हणून नुसता पैलवान. पैलवान फिटरला दादा म्हणायचा आणि बायकोचं पत्र आलं की वाचून दाखवायचा, नको म्हटलं तरी.

एका सकाळी जहाजाच्या तळाच्या टाकीत पंपाची जाळी तुंबली. संध्याकाळी बंदर येणार होतं, त्याआधी ती मोकळी व्हायला हवी होती. बंद टाकीत हवा सडते. माणूस आत गेला की दोन श्वासांत कोसळतो, म्हणून आधी आत मीटर सोडून हवा तपासायची. मीटरची बॅटरी मेलेली होती. फिटरने कप्तानाला तसं सांगितलं. कप्तान म्हणाला, "जाळी काय मीटर साफ करणार आहे? उतरवा माणूस."

पैलवान उतरला. फिटर टाकीच्या तोंडाशी बसला होता. खालून शिडीवरच्या बुटांचा आवाज आला, मग आला नाही. फिटरने हाका मारल्या. स्वतः उतरायला पाय घातला तेव्हा जहाजाच्या आचाऱ्याने त्याला मागून कंबरेत मिठी घातली आणि सोडलं नाही. श्वासाचं नळकांडं शोधून, लावून माणूस खाली जाईपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

दुसऱ्या दिवशी कप्तानाने एक कागद पुढे केला. ऑइलर कुणालाही न सांगता, आपल्या मर्जीने टाकीत उतरला, असं त्यात होतं. फिटरने सही केली नाही. "असं झालं नाही, साहेब," एवढंच म्हणाला. त्या वेळी त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढच्या बंदरात त्याला उतरवलं, पुस्तक लिफाफ्यात घालून हातात दिलं, आणि लिफाफा त्याने विमानतळावर उघडला. पान कोरं असलं तरी केलेलं काम कुणीतरी मोजेलच, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

आता त्याच कप्तानाच्या दारात जायचं होतं.

कप्तान निवृत्त होऊन त्याच शहरात राहत होता. शहराच्या टोकाला बैठं घर, भिंतीवर काचांचे तुकडे, लोखंडी फाटक. फिटरने फोन केला. पलीकडून आवाज आला, "फिटर? अरे वा. ये की. मंगळवारी साडेदहा."

दोन बस बदलून फिटर पोचला तेव्हा दहा चौतीस झाले होते. कप्तान अंगणात झाडांना नळीने पाणी घालत होता. त्याने घड्याळ बघितलं.

"साडेदहा म्हणजे साडेदहा. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी फिटर सव्वानऊलाच येऊन फाटकाबाहेर उभा राहिला. कप्तान घरातून त्याला बघत होता, हे पडद्यावरून कळत होतं. बरोबर साडेदहाला दार उघडलं. कप्तान वेताच्या खुर्चीत बसला, मांडीवर शेंगांची परडी घेऊन एकेक शेंग फोडून खाऊ लागला. फिटरला बस म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चौदा महिने. हं. जुनं आहे, आठवावं लागेल. तोवर ते फाटक बघ जरा. बिजागरी खाली बसली आहे."

फिटरने फाटक बघितलं. पुढच्या खेपेला हत्यारं घेऊन आला आणि दुरुस्त केलं. मग पाण्याचा पंप. मग कुत्र्याच्या पिंजऱ्याचे गज. कुत्रं दोन वर्षांपूर्वीच मेलं होतं, पण गज हवे होते. कंबरेला पट्टा आवळून फिटर वाकायचा, आणि वाकला की उठताना भिंत धरायचा. कप्तान मागे उभा राहून बघायचा. एकदा म्हणाला, "हात अजून चांगला आहे हं तुझा." आणि फिटरला बरं वाटलं. घरी जाताना बसमध्ये त्याला या बरं वाटण्याची इतकी शिसारी आली की तो दोन थांबे आधीच उतरला.

महिना संपायला पाच दिवस उरले तेव्हा कप्तानाने त्याला पहिल्यांदा खुर्ची दिली. टेबलावर दोन कागद होते, दोन्ही टाइप केलेले.

"हा तुझा," कप्तान म्हणाला. "चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, वागणूक उत्तम. उत्तम लिहिलंय, बघ. आणि हा माझा."

दुसऱ्या कागदात तेच होतं जे सात वर्षांपूर्वी होतं. थोडी भर होती. ऑइलर कामाच्या वेळेबाहेर, आपल्या मर्जीने, कुणालाही न सांगता उतरला. कप्तानाने तशी आज्ञा दिली नव्हती. मीटर चालू स्थितीत होतं.

"त्याच्या बायकोने दावा लावलाय," कप्तान म्हणाला. "सहा वर्षं कोर्टात लोंबकळतोय. साक्षीदार नाही म्हणून. आता म्हणे तिला साक्षीदार सापडलाय." त्याने शेंग फोडली. "मी तुझे चौदा महिने लिहितो. तू माझी ती एक सकाळ लिही."

तो साक्षीदार फिटरच होता. आठ महिन्यांपूर्वी पैलवानाच्या बायकोचा फोन आला होता. कुणाकुणाला विचारत तिने नंबर काढला होता. "दादा, तुमचं नाव त्यांच्या पत्रांत असायचं," ती म्हणाली होती. "एकदा फक्त येऊन खरं काय ते सांगा." फिटर म्हणाला होता, "येईन, वहिनी. शप्पथ येईन." ती फोनवरच रडली होती आणि याचेही डोळे भरून आले होते.

"मला विचार करायला दोन दिवस द्या, साहेब."

"घे की. पाच आहेत तुझ्याकडे," कप्तान म्हणाला. त्याने महिनाअखेरचीही चौकशी करून ठेवली होती.

घरी आल्यावर फिटरने बायकोला सगळं सांगितलं. ती कामावरून येऊन पाय लांब करून बसली होती. इस्त्रीच्या वाफेने तिच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत चकचकीत, तांबूस झाली होती.

"करा सही," ती म्हणाली.

"अगं, त्या बाईला मी शब्द दिलाय."

"मला काय दिलंय?" तिने शांतपणे विचारलं. "जो गेला त्याला आता कसली घाई नाही. मला आहे. माझा हात आणखी दोन वर्षं चालेल. मग कोण इस्त्री करणार, तुम्ही? वाकता येतं का तुम्हाला?" मग म्हणाली, "कुत्र्याच्या पिंजऱ्यासाठी वाकलात ना. मग सहीसाठी काय वाकायचं राहिलंय?"

हे तिने ओरडून म्हटलं असतं तर फिटरला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, नोटरीच्या टपरीएवढ्या खोलीत, फिटरने सही केली. नोटरीने विचारलं, "वाचलंत?" फिटर म्हणाला, "हो." कप्तानाने खिशातून स्वतःचं पेन काढून दिलं होतं. सही झाल्यावर त्याने ते रुमालाने पुसलं, टोपण लावलं आणि चौदा महिन्यांचा कागद फिटरच्या हातात ठेवला. "सुखी राहा," म्हणाला.

खिडकीवरच्या बाईंनी प्रतिज्ञापत्र चष्मा न लावताच बघितलं, गणकयंत्रावर आकडे दाबले आणि शिक्का मारला. "झालं की हो तुमचं," त्या म्हणाल्या. "उगाच तोंड पाडून आला होतात त्या दिवशी."

फिटर संस्थेत रुजू झाला. निळा कोट मिळाला, खिशावर नाव शिवलेला. बायकोने तो पहिल्या दिवशी स्वतः इस्त्री करून दिला.

दीड महिन्याने कोर्टाचं बोलावणं आलं. जायचंच नाही असं फिटरने ठरवलं होतं, पण कप्तानाच्या वकिलाचा फोन आला. गोड आवाजात तो म्हणाला, "नाही आलात तर प्रतिज्ञापत्रावर शंका येते. एका प्रतिज्ञापत्रावर शंका आली की दुसऱ्यावरही येते, नाही का?"

कोर्ट कसलं, एक मोठी खोली होती. पंखा, फायलींचे गठ्ठे, आणि लांब टेबलामागे बसलेले एक अधिकारी. पैलवानाची बायको पुढच्या बाकावर होती. फिटरने तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं, कारण ती त्याच्याकडे बघून हसली. तिला अजून माहीतच नव्हतं. तिने शेजारच्या वकिलाला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "आले. ते बघा, दादा आले."

तिचा वकील तरुण, थकलेला, बाहीचं बटण तुटलेला. त्याने मान वर केली तेव्हा समोरच्या वकिलाने कागद अधिकाऱ्यांच्या हातात दिला होता.

अधिकाऱ्यांनी तो मोठ्याने वाचला. मग विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"वाचून केलीत?"

"हो."

तरुण वकील उठला. त्याला काय विचारावं कळेना, हे सगळ्यांना दिसलं. शेवटी म्हणाला, "दहा महिन्यांपूर्वी तुम्ही या बाईंना साक्ष द्यायचं कबूल केलं होतं. ते का?"

कप्तानाच्या वकिलाने हे आधीच पढवून ठेवलं होतं. फिटर म्हणाला, "फोनवर रडत होत्या. समजूत काढायला म्हटलं."

खोलीत कुणीतरी फायलीला दोरी बांधत होतं, तेवढाच आवाज होता. फिटरने तिच्याकडे बघितलं नाही. कप्तानाकडे बघितलं. कप्तान हातातलं घड्याळ लावत होता.

दुपारच्या सुटीत फिटर बाहेरच्या लांब व्हरांड्यात नळावर पाणी प्यायला गेला. वळला तर ती मागे उभी. त्याला वाटलं आता ही शिव्या घालणार, कदाचित थोबाडीत मारणार. मारली असती तर बरं, असंही वाटलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते आत उतरले तेव्हा काही बोलले का?"

"वहिनी—"

"तेवढंच सांगा. सात वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाही. काहीतरी बोलले असतील ना? ते गप्प नाही राहायचे कधी."

त्याने इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं. "म्हणाला, दादा, साहेब मागे लागलेत, उरकून येतो. माझा चहा झाकून ठेवा."

ती ऐकत राहिली. ओठ हलवून तिने ते वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं, विसरू नये म्हणून. मग तिचा चेहरा बदलला.

"साहेब मागे लागलेत," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे साहेबांनी पाठवलं."

फिटर नळाकडे वळला.

"हे आत का नाही सांगितलंत?"

आणि त्याने काही म्हणायच्या आत ती पळत खोलीकडे गेली. चपलांचा फटफट आवाज सबंध व्हरांडाभर झाला. दोन मिनिटांत ती वकिलाला हाताला धरून घेऊन आली. वकिलाच्या तोंडात घास होता. तो घाईघाईने गिळून म्हणाला, "काका, बाई सांगतायत ते खरं का? तुम्ही परत आत याल? मी अर्ज देतो, पाच मिनिटं लागतील. तुम्हाला काही होणार नाही, मी बघतो."

तो काही बघू शकणार नव्हता, हे त्याच्या तुटलेल्या बटणावरूनही कळत होतं. पण माणूस खरा होता. फिटरला डोळ्यांसमोर निळा कोट दिसला, बायकोचा चकचकीत झालेला हात दिसला, खिडकीवरच्या बाईंचा शिक्का दिसला.

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला.

"आत्ता बोललात!" ती म्हणाली. "आत्ता, इथे!"

"यांचा गैरसमज झाला. मी पाणी प्यायला आलो होतो."

वकिलाने आधी तिच्याकडे बघितलं, मग याच्याकडे. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती ओरडली नाही. फिटरकडे इतकी निरखून बघत राहिली की जणू या माणसाचा चेहरा कुठेतरी पुन्हा ओळखावा लागणार होता.

दावा महिन्याभरात फेटाळला गेला. फिटरला हे कप्तानाच्या फोनवरून कळलं. "काम छान झालं," कप्तान म्हणाला. "आणि हो, पंप पुन्हा आवाज करतोय. बघून जा एकदा." फिटर गेला. पंप बघून आला. नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने, हे त्याला सुचलं नाही.

संस्थेत त्याचं बरं चाललं होतं. मुख्याला तो आवडायचा. अभ्यासक्रमात बंद टाकीचा एक धडा होता, तो फिटरने वेल्डिंगच्या तासांचं कारण सांगून दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात घातला. घरी बायकोने अर्धा दिवस काम कमी केलं. ती कधीकधी जेवताना त्याच्याकडे बघायची आणि मग आणखी भात वाढायची. दाव्याचं काय झालं, हे तिने एकदाही विचारलं नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी शिपाई कार्यशाळेत सांगत आला, "बाहेर एक बाई आल्यात. आत या म्हटलं, येत नाहीत."

ती फाटकाशी उभी होती. खांद्याला पिशवी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक अर्ज. फिटर जवळ गेला तसा तिने अर्ज त्या पिशवीतून काढला आणि फाटकाच्या दगडी खांबावर पसरला.

"सही हवी आहे," ती म्हणाली. दादा म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

खलाशांच्या मुलांच्या शिक्षणासाठी एक योजना होती. बापाची पाण्यावरची पाच वर्षं भरली असली पाहिजेत. पैलवानाच्या पुस्तकातही त्या जहाजाचं पान कोरंच होतं. मेलेल्या माणसाच्या पानावर उतरल्याची तारीख काय घालायची, हे कुणाला कळलं नसावं. कप्तानाकडे जायची तिची तयारी नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं होतं, की माणूस वारला असेल तर बरोबरीच्या एका खलाशाची साक्ष चालते, आणि त्या जहाजावरच्या खलाशांच्या यादीत बघून फिटरचं नाव त्यांनीच काढून दिलं होतं.

फिटरने घाईने खिशातलं पेन काढलं. सही करायला तो खांबावर वाकला. "वहिनी, मी त्या दिवशी—"

"पूर्ण भरा आधी," ती म्हणाली. "बाईंनी हिशोब केलाय. पाच वर्षांना एक दिवस कमी पडतोय. ते गेले तो दिवस त्या धरत नाहीत. त्या दिवशी ते कामावर हजर होते, असं साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिलं तर धरतात." तिने बोट ठेवून रिकामी ओळ दाखवली. "होते ना कामावर?"

फिटरला ती ओळ दिसली आणि सगळं एकदम समजलं. कामाच्या वेळेबाहेर, आपल्या मर्जीने, असं त्याने शपथेवर लिहून दिलं होतं. आता इथे कामावर होता लिहायचं, तर दोन कागद एकमेकांसमोर उभे राहणार. कुणी ते शेजारी ठेवले की नोकरी जाईल, दाखला जाईल, वर खोट्या शपथेचा खटला.

"मुलीची शाळा आहे," ती म्हणाली. "मी दाव्याचं काही म्हणत नाही. तो संपला. एक दिवस मागतेय."

आत कार्यशाळेत कुणीतरी ग्राइंडर चालू केला. फिटरने मागे वळून बघितलं. मग पुन्हा अर्जाकडे. उन्हात कागद डोळ्यांवर येत होता. तिने घाई केली नाही, विनवणीही केली नाही.

त्याने लिहिलं. अक्षर वाईट आलं, कारण खांब खडबडीत होता. 'सदर इसम त्या दिवशी सकाळी आठ वाजल्यापासून कामावर हजर होता.' तिथे थांबला. ओळ संपली नव्हती, जागा होती. मग त्याने पुढे लिहिलं, 'वरिष्ठांच्या सांगण्यावरून टाकीत उतरला.' हे तिने मागितलं नव्हतं.

तिने अर्ज उचलून वाचला. दोनदा वाचला.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "दोन ओळी."

तिने कागद पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दुमडलं आणि रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. बस यायला वेळ होता. फिटर फाटकात उभा होता आणि ती समोरच, पाच-सात पावलांवर, पण तिने एकदाही इकडे बघितलं नाही. बस आली, ती चढली.

फिटरने हे त्याच दिवशी बायकोला सांगितलं. ती हातातलं काम टाकून बघतच राहिली. "वेडे आहात का?" ती म्हणाली. "आता लिहून काय उपयोग? तिचा दावा गेला तो गेलाच. आता आपलंही घालवा." मग ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती न सांगता धुलाईखान्यात गेली आणि पूर्ण दिवसाचं काम पुन्हा मागून घेतलं, उद्या गरज पडली तर असावं म्हणून.

दोन महिने फिटर शिपायाच्या पावलांचा आवाज आला की वेल्डिंग थांबवायचा. पण कुणी आलं नाही. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, एक दिवस मिळवला, पाच वर्षं पुरी केली आणि शिक्का मारला. त्यांनी ती ओळ वाचली असेल की नुसता दिवस मोजला असेल, सांगता येत नाही. दाव्याची फाइल दुसऱ्या इमारतीत होती आणि बंद झाली होती. ते दोन कागद कुणीही शेजारी ठेवले नाहीत. मुलीचं नाव शाळेत लागलं, हेही फिटरला कचेरीच्या फलकावरच्या यादीत दिसलं, तेही तो मुद्दाम बघायला गेला म्हणून.

कप्तानाचा मात्र अधूनमधून फोन येतो. कधी पंप, कधी गच्चीवरचा कठडा. मंगळवारी साडेदहा, तो म्हणतो, आणि फिटर सव्वानऊला जाऊन उभा राहतो.